अदृश्य सेवकांचे घर

वाहत्या ओढ्यातील दगडावर बेसावधपणे पाय टाकला, म्हणजे तो सर्रकन घसरतो. वरवर पाहता दगड स्वच्छ दिसतो; पण त्यावरून बोट फिरवले तर एक पातळ, बुळबुळीत थर हाताला लागतो. पाण्याचा माठ बरेच दिवस न घासता तसाच भरत राहिले, तर त्याच्याही आतल्या अंगाला असा थर धरतो. माठातील थर घासून काढणे हेच आरोग्याच्या दृष्टीने योग्य होय. परंतु हा थर म्हणजे नुसता मळ नव्हे. ती एक दाट वस्ती आहे, आणि तिच्यात राहणारे रहिवासी आहेत सूक्ष्मजंतू.

हे जीव इतके लहान असतात, की एका मिलिमीटरच्या लांबीत त्यांतले सुमारे एक हजार एकामागे एक उभे राहू शकतील. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत; पण त्यांच्या अंगातून एक चिकट पदार्थ पाझरतो आणि त्याच्या आधाराने ते दगडाला घट्ट धरून राहतात. यात त्यांचा मोठा लाभ असतो. जो जंतू पाण्याबरोबर वाहत जातो, त्याच्याभोवती तेच ते पाणी राहते. जो एका जागी स्थिर होतो, त्याच्या दाराशी मात्र प्रवाह क्षणोक्षणी नवे अन्न आणून टाकतो. नदीकाठी वसलेल्या गावाला पाण्यासाठी वणवण करावी लागत नाही, तसेच हे आहे. सूक्ष्मजंतूंची ही घर करून राहण्याची सवय माणसाने हेरली आणि घाणेरडे पाणी शुद्ध करण्याच्या कामी लावली.

घरोघरच्या मोऱ्यांतून व शौचालयांतून जे सांडपाणी वाहते, त्यात अन्नाचे कण, साबण, तेल, मलमूत्र असे नाना पदार्थ असतात. यांतील बहुतेक पदार्थ सेंद्रिय, म्हणजे प्राणी व वनस्पती यांच्यापासून निघालेले, किंवा त्यांच्याप्रमाणेच कार्बनयुक्त असतात. आपल्याला जी घाण वाटते, ती सूक्ष्मजंतूंना मेजवानी असते. असे पाणी नदीत सोडले, तर नदीतील जंतू ते पदार्थ खाऊ लागतात व झपाट्याने वाढतात. परंतु खाताना त्यांना श्वसनासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि पाण्यात तो फार थोडा असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो. घाण थोडी असेल, तर वाऱ्याने व लाटांनी नवा प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि नदी पुन्हा सावरते. घाण फार झाली, म्हणजे प्राणवायू संपतो. मासे गुदमरून मरतात. मग हवेवाचून जगणारे निराळे जंतू माजतात आणि पाण्याला असह्य दुर्गंधी येते. नदी मरते ती अशी.

लंडन शहराने हा अनुभव १८५८ साली घेतला. त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता. लक्षावधी लोकांचा मैला थेम्स नदीत जात होता. नदीकाठच्या पार्लमेंटच्या इमारतीत सभासदांना बसवेना. म्हणून खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरसारख्या चुन्याच्या द्रवात भिजवून टांगण्यात आले. त्यानंतर जोसेफ बझलजेट या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे शहराखालून विटांची प्रचंड गटारे बांधली गेली व सांडपाणी शहराच्या पूर्वेस दूर नेण्यात आले. शहराचा त्रास उणावला, हे खरे. पण ती घाण शेवटी नदीतच, फक्त खालच्या अंगाला, सोडली जात होती. आपल्या दारातील केर शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसाच हा प्रकार होता. घाण दूर नेणे आणि घाण नाहीशी करणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. दुसरी गोष्ट कशी साधावी, हा प्रश्न तसाच उरला.

याच सुमारास एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने काही प्रयोग आरंभले. त्याने उभ्या नळकांड्यांत माती व वाळू भरून त्यांतून सांडपाणी झिरपू दिले. पाणी अखंड ओतले, तर माती गच्च होऊन नासून जाई. पण थोडे पाणी ओतावे, मग काही वेळ थांबून मातीत हवा खेळू द्यावी, आणि नंतर पुन्हा पाणी ओतावे, असा क्रम ठेवला असता तीच माती महिनोन्‌महिने उत्तम काम देई. हे निष्कर्ष १८७० साली प्रसिद्ध झाले. मातीला जणू श्वास घ्यावा लागतो, असा त्यांचा अर्थ होता. पण श्वास घेणारे कोण, याची तेव्हा कल्पना नव्हती. हवा आणि माती यांच्या संयोगाने घडणारी ती एक रासायनिक क्रिया आहे, असेच मानले गेले.

खऱ्या कामकऱ्यांचा पत्ता लागला तो फ्रान्समध्ये, १८७७ साली. श्लोझिंग व म्यून्ट्झ या दोन शास्त्रज्ञांनी एका नळीत भाजलेली वाळू व चुनखडीची पूड भरली आणि तीतून रोज ठराविक सांडपाणी हळूहळू सोडले. पहिले सुमारे २० दिवस काहीच घडले नाही. सांडपाण्यातील अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग एकाएकी अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट हा निरुपद्रवी वाटणारा क्षार दिसू लागला. ही नुसती रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्या दिवसापासूनच झाली नसती काय? इतके दिवस वाट पाहण्याचे कारण काय?

या शंकेचे निरसन त्यांनी मोठ्या चातुर्याने केले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्लोरोफॉर्मने सजीवांना गुंगी येते. निर्जीव वाळूला ती येण्याचे कारण नाही. पण वाफ जाताच नायट्रेट तयार होणे थांबले! पुढे क्लोरोफॉर्म निघून गेला, तरी क्रिया पुन्हा सुरू होईना. तेव्हा त्यांनी चिमूटभर शेतातील माती पाण्यात कालवून ते पाणी नळीत ओतले. थोड्याच दिवसांत नायट्रेट पुन्हा दिसू लागले. मातीबरोबर नवे सूक्ष्मजंतू आत गेले होते व वाळूच्या कणांवर त्यांनी आपली वस्ती केली होती. आरंभीचे २० दिवस लागले ते ही वस्ती वाढण्यासाठी. पुढे १८९० साली विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियावर जगणारे हे जंतू मातीतून वेगळे काढून दाखविले.

तरीही एक शंका उरली होती. वाळू पाण्यातील घाण गाळून घेते, म्हणून तर पाणी शुद्ध होत नसेल ना? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स या गावी १८८७ साली सांडपाण्याचे प्रयोगकेंद्र सुरू झाले होते. तेथे बारीक वाळूऐवजी पक्ष्याच्या अंड्याएवढे गोटे वापरून पाहण्यात आले. अशा गोट्यांमधील फटी इतक्या मोठ्या, की त्यांत काहीही अडकून राहू नये. तरीसुद्धा पाणी त्यांच्या अंगावरून पातळ पदराने सावकाश ओघळत गेले आणि भोवती हवा खेळती राहिली, की त्यातील बहुतेक सेंद्रिय घाण नाहीशी होत असे. म्हणजे दगड हे चाळणीचे काम करीत नव्हते. ते केवळ घराची जागा देत होते. काम करणारे होते ते त्या घरांतील रहिवासी.

हे रहस्य कळताच अभियंते पुढे सरसावले. इंग्लंडमधील सॅलफर्ड शहरी जोसेफ कॉर्बेट या अभियंत्याने १८९३ साली दगडगोट्यांच्या थरावर तुषारांनी सांडपाणी शिंपडण्याची रीत अमलात आणली. आजही अशा रचना अनेक देशांत पाहावयास मिळतात. एका मोठ्या गोल हौदात दगड पसरलेले असतात. त्यांवर नळाचे लांब हात संथपणे गोल फिरत असतात व सांडपाणी शिंपडीत असतात. प्रत्येक दगडावर जंतूंचा पातळ लेप असतो. घाण पाणी त्यावरून ओघळते, वारा फटींतून खेळतो, आणि तळाशी पोहोचेपर्यंत पाणी पुष्कळसे निवळलेले असते. लेप फार जाड झाला, म्हणजे आतल्या जंतूंना अन्न व हवा मिळेनाशी होते. त्यांची पकड सुटते आणि लेपाचा तुकडा गळून पडतो. मोकळ्या झालेल्या जागी नवी वस्ती वाढू लागते. या रचनेला ‘ठिबक गाळणी’ म्हणतात. पण नाव गाळणीचे असले, तरी तिचे काम गाळण्याचे नव्हे.

१९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी दुसरी एक पद्धत सिद्ध केली. तीत दगड नसतात. हौदातील पाण्यात जोराने हवा सोडतात आणि जंतूंचे पुंजके पाण्यातच तरंगत काम करतात. आज जगातील पुष्कळ मोठ्या शहरांत हीच पद्धत चालते. पण तीत एक अडचण आहे. पाण्याबरोबर जंतूही हौदातून बाहेर जातात. म्हणून ते तळाशी बसू देऊन पुन्हा हौदात आणावे लागतात. समजा, हौदातील पाणी दर सहा तासांनी पुरते बदलते, आणि त्यातील एका जातीच्या जंतूंची संख्या दुप्पट व्हायला एक दिवस लागतो. हे जंतू परत आणले नाहीत, तर नवे जन्मण्यापूर्वीच जुने वाहून जातील व हौद रिकामा पडेल. अमोनियावर जगणारे जंतू असेच सावकाश वाढणारे असतात. घर करून राहिलेल्या जंतूंना हे भय नाही. पाणी कितीही वेगाने बदलो, ते आपल्या जागी टिकून राहतात.

कारखाने वाढले, तसे या प्रश्नाला नवे वळण लागले. दगडी कोळशापासून कोक तयार करताना जे पाणी बाहेर पडते, त्यात फेनॉल नावाचा पदार्थ असतो. यालाच कार्बोलिक ॲसिड असेही म्हणतात. जोसेफ लिस्टर या थोर शस्त्रवैद्याने १८६५ साली ग्लासगो येथे जखमेतील जंतू मारण्यासाठी जो पदार्थ वापरला, तो हाच. जो पदार्थ जंतूंचा काळ, तो जंतूंकडूनच कसा नष्ट करून घ्यावा?

निसर्गात मात्र याचेही उत्तर आहे. मातीतील स्युडोमोनास या कुळातील काही जंतू फेनॉलवर उपजीविका करू शकतात. फेनॉलच्या रेणूत कार्बनचे सहा अणू कड्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात आणि हे कडे सहजासहजी तुटत नाही. हे जंतू प्रथम प्राणवायूच्या साहाय्याने फेनॉलचे कॅटेकॉल या पदार्थात रूपांतर करतात. मग पुन्हा प्राणवायू वापरून ते कडे फोडतात. कडे एकदा उघडले, की त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांतील काही भाग जंतूंच्या शरीराच्या वाढीला लागतो. उरलेल्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू बनतो. पण या अन्नालाही मर्यादा आहे. फेनॉल थोडे असले, तर ते अन्न. फार झाले, तर ते याही जंतूंना विषच. औषधाची मात्रा चुकली, तर तेही बाधते, त्यातलाच हा प्रकार.

अशा निवडक जंतूंना विषाच्या लोंढ्यात सुरक्षित कसे ठेवावे? दगडावरचे घर उघडे असते. शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी बंदिस्त घर बांधले, आणि त्याची सामग्री समुद्रातून आणली. तपकिरी रंगाच्या समुद्रशेवाळापासून अल्जिनेट नावाचा पदार्थ मिळतो. सोडियम अल्जिनेट पाण्यात घोळले, की खळीसारखा दाट द्रव होतो. त्यात जिवंत जंतू मिसळतात. मग हे मिश्रण कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबाथेंबाने टाकतात. झाऱ्यातून पडलेला पिठाचा थेंब कढईतील तुपात जसा क्षणात गोल बुंदी होऊन घट्ट होतो, तसाच हा थेंबही पडताक्षणी गोल व टणक होऊ लागतो. येथे मात्र उष्णता लागत नाही. कॅल्शियममुळे अल्जिनेटचे लांब धागे एकमेकांत गुंतून त्यांची जाळी बनते. काही मिलिमीटर व्यासाचा, जेलीसारखा मऊ मणी तयार होतो आणि त्याच्या पोटात लक्षावधी जंतू जिवंत असतात.

या जाळीची छिद्रे फार बारीक असतात. पाणी, प्राणवायू आणि फेनॉल यांचे रेणू त्यांतून सहज ये-जा करतात. पण जंतू त्या रेणूंहून हजारपटींनी मोठा असल्यामुळे तो आतच राहतो. जाळीच्या खिडकीतून वारा घरात खेळतो, पण आतला पक्षी बाहेर पडू शकत नाही, तसेच हे. सूक्ष्मजंतूंना अशा रीतीने एका जागी बसवून काम करावयास लावण्याच्या क्रियेला ‘स्थिरीकरण’ असे नाव आहे. ती आधी औषधे व रसायने यांच्या धंद्यात उपयोगी पडली. जपानमध्ये १९७३ साली चिबाता व त्यांचे सहकारी यांनी स्थिर केलेल्या जंतूंकडून ॲस्पार्टिक आम्ल मोठ्या प्रमाणावर तयार करून घेतले. मग सांडपाण्यासाठीही तिचा विचार होऊ लागला.

१९८४ साली जर्मनीत बेटमान व रेम या शास्त्रज्ञांनी स्युडोमोनास जंतूंवर या दृष्टीने केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका लिटर पाण्यात २ ग्रॅम फेनॉल असताना मोकळे जंतू वाढूच शकले नाहीत. पण जाळीत बसविलेल्या जंतूंनी तेवढे फेनॉल दोन दिवसांच्या आत संपविले. जंतू तेच, विषही तेच. फरक होता तो केवळ घराचा. जाळीमुळे फेनॉल आत सावकाश झिरपते. बाहेरच्या बाजूचे जंतू त्यातील काही भाग फोडून टाकतात, आणि आतल्यांपर्यंत पोहोचतो तो सोसवेल एवढाच अंश. तटावरच्या शिपायांनी हल्ल्याचा पहिला जोर सोसावा आणि गावाला सावध होण्यास अवसर द्यावा, असे हे घडते. शिवाय मणी पाण्यातून सहज वेचून काढता येतात व पुन्हा वापरता येतात. आणि थोड्या जागेत पुष्कळ जंतू ठेवता येतात.

तथापि या घरालाही उणिवा आहेत. मणी फार मोठा झाला, तर प्राणवायू त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाटेत संपतो आणि मधले जंतू निकामी होतात. सांडपाण्यातील फॉस्फेटसारखे क्षार अल्जिनेटमधील कॅल्शियम ओढून घेतात. मग मणी मऊ पडून विरघळतो. म्हणून अल्जिनेटचे मणी प्रयोगशाळेत जितके शोभतात, तितके मोठ्या शहराच्या सांडपाण्यात टिकत नाहीत. अधिक चिवट पदार्थांचा शोध त्यामुळेच सुरू झाला. जपानमध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या दाण्यांत अमोनियावर जगणारे जंतू बसवून ते सांडपाण्याच्या केंद्रांत वापरले गेले. नॉर्वेमध्ये १९८० नंतरच्या दशकात निराळाच मार्ग निघाला. प्लास्टिकची लहान लहान चाके पाण्यात मोकळी सोडावयाची. चाकांच्या आतील खणांत जंतूंचा लेप आपोआप वाढतो आणि हवेच्या बुडबुड्यांबरोबर ही घरे हौदभर फिरत राहतात. हौदाच्या तोंडाशी जाळी असते, म्हणून पाणी बाहेर जाते व चाके आत राहतात. ही रीत आता अनेक देशांत चालते.

सूक्ष्मजंतूंची ही सेवा मोठी आहे, पण ती अमर्याद नाही. ते सेंद्रिय पदार्थांचे रेणू फोडू शकतात. पारा किंवा शिसे यांसारखे धातू मात्र त्यांना फोडता येत नाहीत, कारण धातू हे मूलद्रव्य आहे. कारखान्याने एकाएकी तीव्र विष गटारात सोडले, तर महिनोन्‌महिने वाढलेली वस्ती एका रात्रीत नष्ट होते, आणि नवी वस्ती तयार होईपर्यंत घाण तशीच नदीत जाते. श्लोझिंग व म्यून्ट्झ यांच्या नळीतील क्लोरोफॉर्मने जे केले, तेच हे विष करते. म्हणून कारखान्याचे पाणी कारखान्याच्या आवारातच शुद्ध करणे अगत्याचे असते.

वर सांगितलेल्या शास्त्रज्ञांनी घाण खाणारा एकही जंतू मुळात नव्याने निर्माण केला नव्हता. हे सर्व जंतू मातीत व पाण्यात आधीपासून होतेच, आणि आपले कामही करीत होते. माणसाने ते काम धीराने न्याहाळले, त्यांना काय हवे ते ओळखले, आणि ते पुरविले. त्यांच्या मागण्याही थोड्या आहेत : श्वासापुरती हवा, वाढण्यापुरता वेळ आणि स्थिर राहण्यापुरती जागा. या तीन गोष्टी ज्या गावाने सांडपाण्याच्या वाटेवर त्यांना दिल्या, त्या गावाखालच्या नदीत मासे जगू शकतात. ज्याने दिल्या नाहीत, त्याची घाण खालच्या गावाला भोगावी लागते.